नाण्यांचे पारखी पंडित भगवानलाल इंद्रजी

चांदीचे नाणे हाती आले की सराफ त्याचे वजन व कस पाहून भाव सांगतो. परंतु काही नाण्यांचे मोल काट्यावर ठरत नाही, ते वाचावे लागते. ही दृष्टी ज्यांनी आयुष्यभर जोपासली ते थोर संशोधक म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी.

त्यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. इंग्रजी शिक्षण जवळजवळ नव्हते. तरीही गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखाने त्यांना बालपणीच वेड लावले व प्राचीन लिपी त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. ऐन विशीत ते मुंबईस आले. मूळचे गोमंतकातील डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आश्रय दिला. त्यांच्यासाठी पंडितजींनी देशभर भ्रमण करून शिलालेखांचे ठसे व नाणी मिळवली.

पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय. पाच-सहा नाणी मिळून जेमतेम रुपयाभार वजन! पण नाण्यावर राजाचे व त्याच्या पित्याचे नाव, दोघांच्या पदव्या आणि पुढील काळात शक वर्षही असे. ठसा मोठा व नाणे लहान असल्याने अक्षरे काठावर कापली जात. म्हणून एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवून लेख पूर्ण करावा लागे. अशा रीतीने सुमारे तीन शतकांची वंशावळ जुळत गेली.

नाशिकच्या लेण्यांतील लेखांचेही त्यांनी वाचन केले. नहपान राजाचा जावई उषवदात याने २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवले होते. वर्षाच्या २४० कार्षापणांतून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ वस्त्रांसाठी मिळत. ३५ कार्षापणांस एक सुवर्ण हा त्या काळचा भावही तेथे कोरलेला आहे. ओरिसातील हाथीगुंफा लेखातून जैन सम्राट खारवेलाचे नावही त्यांनीच निश्चित केले.

१६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले. क्षत्रपांवरील लेख अपुराच राहिला. तो रॅप्सन यांनी संपादित करून १८९० साली प्रसिद्ध केला. मृत्युपत्रानुसार नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेली. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीस मिळाली.

पुढे १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवला होता. ती आटवली असती तर चांदी उरली असती, इतिहास उरला नसता. घरातील जुनी चांदी मुशीत घालण्यापूर्वी ती एकदा जाणकाराच्या नजरेखालून घालावी, हाच पंडितजींच्या जीवनाचा बोध होय.