‘मठ्ठ’ ठरवलेल्या पोरांना शाळेत डॉक्टर, अंघोळ आणि मोकळी हवा मिळवून देणारी बाई

साल १८९९. इंग्लंडच्या उत्तरेला ब्रॅडफर्ड नावाचं गाव. गाव कसलं, लोकरीच्या गिरण्यांचं जंगलच. तिथल्या अशर स्ट्रीट शाळेत डॉ. जेम्स कर नावाचे डॉक्टर मुलं तपासायला बसले. तीनशे पोरं तपासली. त्यातल्या शंभराहून जास्त पोरांच्या अंगावरचे कपडे गेल्या सहा ते आठ महिन्यांत एकदाही उतरले नव्हते.

थंडी सुरू झाली की आई पोराला कपड्यांत शिवून टाकायची. ते टाके उन्हाळा आला की उसवायचे. मधल्या काळात अंघोळ नाही, कपडे बदलणं नाही. घरात नळ नाही, कोळसा महाग आणि पाणी तापवायला भांडं एकच. आई गिरणीत बारा तास उभी. तिला नावं ठेवणं सोपं होतं आणि शहरातली बडी मंडळी ते मनापासून करत होती.

या तपासणीमागे स्कूल बोर्डावर निवडून आलेली एक बाई होती. नाव मार्गारेट मॅकमिलन. वर्गात मागे बसणारं, प्रश्न विचारला की शून्यात बघणारं पोर मठ्ठ नसतं, ते उपाशी असतं, आजारी असतं किंवा त्याला ऐकूच येत नसतं, हे आज कुणालाही पटेल. तेव्हा पटत नव्हतं. ते पटवण्यात या बाईंचं अख्खं आयुष्य गेलं.

मार्गारेट यांचा जन्म २० जुलै १८६० चा. आई-वडील मूळचे स्कॉटलंडचे, पण पोटापाण्यासाठी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ जाऊन राहिलेले. मोठी बहीण रेचल एक वर्षाने मोठी, धाकटी एलिझाबेथ. १८६५ मध्ये घरात स्कार्लेट फिव्हर शिरला. त्यात वडील गेले आणि धाकटी बहीणही गेली. पाच वर्षांची मार्गारेट वाचली, पण तिची ऐकण्याची शक्ती गेली.

आई दोन मुलींना घेऊन स्कॉटलंडला, इन्व्हर्नेसला माहेरी परतली. मार्गारेट जवळपास चौदा वर्षांची होईपर्यंत बहिरीच होती. मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. म्हणजे शाळेची वर्षं तिने अशा वर्गांत काढली जिथे बाई काय बोलतात ते नीट कळत नाही आणि कळत नाही हे सांगायचीही सोय नाही. पुढे त्या मुलांचे कान तपासायला का हट्टाला पेटायच्या, याचं उत्तर बऱ्यापैकी इथेच मिळतं.

तरुणपणी दोघी बहिणी लंडनला आल्या. रेचल आधी समाजवादी विचारांकडे वळली आणि तिने मार्गारेटला ओढलं. १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपात दोघींनी मदत केली. मार्गारेट यांचा आवाज आणि बोलणं भारी होतं, त्यामुळे लेडी म्यूक्स नावाच्या एका श्रीमंत बाईंनी त्यांना नटी बनवायचं ठरवलं. राहायला घर, शिकवायला शिक्षक, सगळी बडदास्त. पण ही पोरगी कामगारांच्या सभांमध्ये भाषणं करते हे काही बाईंना झेपलं नाही. नातं तुटलं. रंगभूमीची एक नटी गेली आणि मजूर चळवळीला वक्ता मिळाला.

१८९३ मध्ये दोघी ब्रॅडफर्डला आल्या. दोन वर्षांपूर्वीच तिथे मॅनिंगहॅम मिलचा मोठा संप चिरडला गेला होता आणि त्याच गावात इंडिपेंडंट लेबर पार्टी नुकतीच जन्माला आली होती. बायकांना तेव्हा इंग्लंडमध्ये संसदेसाठी मत नव्हतं. पण शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाची निवडणूक मात्र त्या लढवू शकत होत्या. १८९४ मध्ये मार्गारेट उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

निवडून आल्यावर त्यांनी शाळा फिरायला सुरुवात केली. तिथे दिसलं ते भयंकर होतं. गिरणीत ‘हाफ टायमर’ नावाची पद्धत होती. अकरा वर्षांचं पोर अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. सकाळी सहाला कामावर गेलेलं पोर दुपारी बाकावर झोपायचं. जी पोरं कामाला जात नव्हती तीही काही टवटवीत नव्हती. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारी, कान वाहणारी, दात किडलेली, पाय धनुष्यासारखे वाकलेली. शिक्षकांच्या वहीत यातल्या बऱ्याच जणांपुढे एकच शेरा: मंद.

इथे एका फ्रेंच डॉक्टरांचं नाव घ्यावं लागेल. एदुआर सेगां. बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवता येतं हे एकोणिसाव्या शतकात ज्यांनी करून दाखवलं त्यांच्यापैकी हे एक. त्यांचं म्हणणं असं की आधी शरीर, हात, डोळे, कान यांना जागं करा, अक्षरं नंतर येतील. मारिया मॉन्टेसरी यांनी आपली पद्धत ज्यांच्याकडून घेतली, तेच हे. मार्गारेट यांनी सेगां वाचले आणि त्यांना उलटा विचार सुचला. दिव्यांग मुलांसाठी जे सिद्ध झालंय ते गरिबांच्या सगळ्याच मुलांना का नको? त्यातही या मुलांचं अपंगत्व जन्माचं नव्हतंच. ते दर हिवाळ्यात थोडं थोडं तयार होत होतं.

मग १८९७ मध्ये ब्रॅडफर्डच्या वॅपिंग शाळेत अंघोळीची सोय झाली. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांमध्ये असं काही पहिल्यांदाच होत होतं. शाळेच्या पैशातून अंघोळ कशाला, म्हणून बोंब झालीच. डॉ. कर यांच्या तपासण्या याच काळात वाढल्या. इथे श्रेय नीट वाटलं पाहिजे. तपासणी डॉक्टरांची होती. मार्गारेट डॉक्टर नव्हत्या. बोर्डात भांडून त्या कामाला जागा, पैसा आणि पाठबळ मिळवून देणं हे त्यांचं काम.

१९०२ मध्ये सगळ्यावर पाणी पडलं. नवा शिक्षण कायदा आला आणि स्कूल बोर्डंच बरखास्त झाली. शाळा गेल्या नगरपालिकांकडे. आणि नगरपालिकेवर निवडून यायचा हक्क बायकांना नव्हता! तो मिळायला १९०७ उजाडलं. आठ वर्षं घासून उभं केलेलं काम हातात होतं आणि खुर्ची एका कायद्याने काढून घेतली. मार्गारेट ब्रॅडफर्ड सोडून दक्षिणेला बहिणीकडे गेल्या. रेचल तोवर प्रशिक्षण घेऊन केंट परगण्यात स्वच्छता आणि आरोग्य शिकवण्याची नोकरी करत होती.

पण दरम्यान एका युद्धाने वारं फिरवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी भरती सुरू झाली तेव्हा मोठ्या संख्येने तरुण शरीराने नापास झाले. साम्राज्याला घाम फुटला. ब्रिटिश वंशच खालावतोय, गरिबांचं रक्तच कमअस्सल आहे, अशी चर्चा सुरू झाली. सरकारने समिती नेमली. १९०४ च्या अहवालाने मात्र आनुवंशिक ऱ्हासाला पुरावा नसल्याचं सांगितलं आणि शाळेत वैद्यकीय तपासणी व जेवणाची बाजू घेतली. पोरं भुकेली आहेत हे वर्षानुवर्षं कुणी ऐकत नव्हतं. सैनिक कमी पडतायत म्हटल्यावर ऐकलं.

१९०६ मध्ये शालेय जेवणाचा कायदा झाला. त्यासाठी संसदेत झगडणाऱ्यांमध्ये ब्रॅडफर्डचे खासदार फ्रेड जोवेट होते, स्वतः लहानपणी गिरणीत हाफ टायमर म्हणून राबलेले. कायद्यात पळवाट होतीच. नगरपालिका जेवण देऊ ‘शकते’ एवढंच लिहिलं होतं, ‘द्यावंच’ असं नाही.

मार्गारेट यांच्याबद्दल फिरणाऱ्या मजकुरात एक चूक नेहमी दिसते. ब्रॅडफर्डमध्ये शाळेतलं जेवण त्यांनी सुरू केलं असं लिहिलेलं असतं. तसं नाही. त्या गाव सोडून गेल्यावर, १९०७ मध्ये ते सुरू झालं. पण ज्या शाळांत ते झालं, त्या जमिनीची मशागत त्यांच्या काळातली होती. आणि ते कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे.

डॉ. राल्फ क्रॉली नावाचे शाळांचे डॉक्टर होते. त्यांनी ग्रीन लेन शाळेत चाळीस गरीब मुलं निवडली. एप्रिल ते जुलै त्यांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण दिलं. नाश्त्याला ओटची लापशी, दूध, ब्रेड. टेबलावर स्वच्छ कापड आणि फुलं मांडली, वाढायला मोठ्या मुली. दर आठवड्याला वजन. शेजारी दुसरा गट ठेवला, त्यांना शाळेतलं जेवण नाही, फक्त वजन.

जेवणाऱ्या मुलांचं वजन दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट वाढलं. पण आलेखातली खरी गंमत वेगळीच होती. मध्ये एक सुट्टी आली आणि शाळेतलं जेवण बंद झालं. तर रेघ धाडकन खाली. शाळा उघडली, रेघ पुन्हा वर. म्हणजे ही पोरं घरी काय खात होती याचा कुणालाही वाचता येईल असा पुरावा कागदावर उमटला. वादविवादात दोन्ही बाजूंनी भाषणं ठोकता येतात, वजनकाट्याशी भांडता येत नाही. पुढे १९१४ च्या दुरुस्तीने सुट्टीतही जेवण द्यायला कायद्याने परवानगी मिळाली.

इकडे १९०७ मध्ये शाळांतली वैद्यकीय तपासणी देशभर सक्तीची झाली. मार्गारेट यांनी त्यासाठी शिक्षण खात्याचे सचिव रॉबर्ट मोरांट यांचा पिच्छा पुरवला होता. जिंकल्या म्हणायचं? तर त्यांना लगेच दिसलं की नाही. डॉक्टर येतो, पोराचा कान वाहतोय असं लिहितो आणि निघून जातो. पुढे? आईकडे डॉक्टरची फी नाही, दवाखाना लांब, एक दिवस गेला तर मजुरी बुडते. पुढच्या तपासणीत तोच कान, तोच शेरा.

मग उपचार शाळेतच करायचे असं त्यांनी ठरवलं. अमेरिकेतला साबण कारखानदार जोसेफ फेल्स याने पैसे दिले आणि १९०८ च्या अखेरीस लंडनच्या बो भागात शाळेचा दवाखाना निघाला. १९१० मध्ये तो डेप्टफर्डला हलवला. थेम्सकाठची गोदीची वस्ती, अंधारी घरं. इथे दात, डोळे, कान, नाकामागे वाढलेल्या गाठी यांवर उपचार व्हायला लागले. या गाठी म्हणजे ॲडेनॉइड्स. त्या वाढल्या की पोर तोंडाने श्वास घेतं, नीट झोपत नाही, कानात पाणी साठून कमी ऐकू येतं. मग वर्गात ते पोर कसं दिसतं? अगदी मंद.

दवाखाना छान चालला. आणि तरीही मुलं त्याच तक्रारी घेऊन परत येत राहिली. बरी होऊन ती जात होती कुठे? त्याच कोंदट खोलीत, एका अंथरुणात चौघं.

दोघी बहिणींनी यावर काढलेला उपाय आजही जरा वेडाच वाटेल. १९११ मध्ये त्यांनी वस्तीतल्या मुलींना रात्री झोपायला आपल्या अंगणात बोलावलं. उघड्यावर खाटा, वर जेमतेम आडोसा, झोपण्याआधी गरम पाण्याने अंघोळ. सकाळी नाश्ता करून शाळेत. मुलांसाठी जागा मिळाली ती सेंट निकोलस चर्चच्या कब्रस्तानात, नाटककार ख्रिस्तोफर मार्लो पुरलाय तिथेच. थडग्यांमध्ये पोरं झोपवतात म्हणून तक्रारी झाल्या आणि ते गुंडाळावं लागलं. मुलींचं शिबिर मात्र चाललं.

पण शाळेत येणारं पाच वर्षांचं पोर आधीच बिघडलेलं असतं. बाळ जन्मतं ठीकठाक, आणि दुसऱ्या ते पाचव्या वर्षात, जेव्हा कुणाचंच लक्ष नसतं, पाय वाकतात, कान जातात, छाती भरते. म्हणून १९१४ च्या मार्चमध्ये डेप्टफर्डच्याच एका मोकळ्या पडीक जागेत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी उघड्यावरची शाळा सुरू झाली. जागा कौन्सिलची, मागितली की लगेच खाली करायच्या अटीवर. भिंतींऐवजी एका बाजूने उघड्या शेड, मधे बाग, भाजीचे वाफे, वाळू. दिवसभर मुलं तिथेच. जेवण, दूध, दुपारची झोप, अंघोळ. रेचलने लिहून ठेवलं होतं की पहिल्या सहा महिन्यांत गोवराचा एकच रुग्ण निघाला आणि तो पसरला नाही.

मुडदूस झालेली पोरं इथे सुधारायची. का, ते त्या वेळी नीट कुणाला माहीत नव्हतं. मोकळी हवा हेच औषध, अशी बहिणींची समजूत. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मुडदुसाचा आहाराशी आणि कॉड माशाच्या तेलाशी संबंध दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखवला. आज ज्याला आपण ड जीवनसत्त्व म्हणतो, तो मामला. म्हणजे औषध हवेत नव्हतं, उन्हात आणि ताटात होतं. बहिणींचं कारण चुकलं होतं, पण पोरांना त्यांनी बरोबर जागी आणून बसवलं होतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. गोदीच्या वस्तीवर बॉम्ब पडले, शाळेचंही नुकसान झालं. रेचलची तब्येत ढासळत गेली आणि २५ मार्च १९१७ रोजी, स्वतःच्या वाढदिवशीच ती गेली. मार्गारेट एकट्या पडल्या. शाळेला बहिणीचं नाव दिलं, पुढे तिचं चरित्र लिहिलं आणि त्यात स्वतःला शक्य तितकं मागे ठेवलं.

१९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना अशा बालशाळांवर खर्च करायची मुभा मिळाली. मुभाच, पुन्हा! पैसा आखडला की सगळ्यात आधी त्यावरच कात्री फिरायची. मार्गारेट भाषणं देत राहिल्या, पैसे मागत राहिल्या आणि बालशाळेला शिक्षकच हवा, नुसती आया नको, यावर अडून बसल्या. त्यासाठी प्रशिक्षण महाविद्यालय उभं केलं. मे १९३० मध्ये राणी मेरी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि त्यालाही नाव दिलं ते रेचलचंच.

मार्च १९३१ मध्ये मार्गारेट गेल्या. शाळेतलं जेवण देणं ही नगरपालिकांची सक्तीची जबाबदारी व्हायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. १९४४ च्या कायद्यात ‘देऊ शकते’ जाऊन ‘दिलं पाहिजे’ आलं. डेप्टफर्डची ती बालशाळा आजही भरते, बागेसकट.