सागरकन्या गर्ट्रूड एडर्ली

यूरोपच्या नकाशाकडे पाहिले म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांना अलग करणारा समुद्राचा एक चिंचोळा पट्टा दृष्टीस पडतो. हीच इंग्लिश खाडी. अगदी अरुंद जागी तिची रुंदी सुमारे ३४ किलोमीटर आहे. परंतु तेथील पाणी भर उन्हाळ्यातही अंग गारठवणारे असते, भरती-ओहोटीचे प्रवाह पोहणाऱ्याला वाटेवरून दूर ओढून नेतात आणि हवा केव्हा पालटेल याचा नेम नसतो. १९२६ च्या उन्हाळ्यापर्यंत अवघ्या पाच पुरुषांनी ही खाडी पोहून पार केली होती. हे काम स्त्रीच्या हातून होणे नाही, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. ते मत खोटे पाडणारी मुलगी लहानपणापासून कानांनी अधू होती.

गर्ट्रूड एडर्ली हिचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तिचे वडील हेन्री हे जर्मनीहून अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. मांसविक्रीच्या दुकानावर त्यांचा संसार चाले. गर्ट्रूड पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला. गोवर बरा झाला. परंतु जाताना तिच्या श्रवणशक्तीला कायमची इजा करून गेला. मुलीला पाण्यात पोहू देऊ नका, नाहीतर उरलीसुरली श्रवणशक्तीही जाईल, असे डॉक्टरांनी बजावले.

परंतु गर्ट्रूडला पाण्याचे विलक्षण वेड होते. उन्हाळ्यात एडर्ली कुटुंब न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील हायलँड्स या गावी राहावयास जाई. तेथे वडिलांनी तिच्या कमरेला दोर बांधून तिला पाण्यात सोडले, आणि हातपाय मारता मारता ती पोहावयास शिकली. चारचौघांत बोलणे नीट ऐकू येत नसल्यामुळे ती बुजून जात असे. पाण्यात शिरली म्हणजे मात्र तिचा सारा संकोच गळून पडे. पुढे न्यूयॉर्कच्या महिला जलतरण संघात तिला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले. १९२४ साली पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत तिने रिले शर्यतीत आपल्या सहकारिणींसह सुवर्णपदक मिळवले आणि १०० व ४०० मीटरांच्या शर्यतींत कांस्यपदके पटकावली.

यानंतर तिने इंग्लिश खाडीचा ध्यास घेतला. १८ ऑगस्ट १९२५ रोजी ती प्रथम खाडीत उतरली. जवळजवळ नऊ तास ती पोहत होती. ती बुडत आहे अशा समजुतीने तिच्या मार्गदर्शकाने सोबतच्या एका जलतरणपटूला तिला धरावयास सांगितले. पोहणाऱ्याला दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाला की प्रयत्न बाद होतो, असा तेथील नियम आहे. आपण केवळ विसावा घेत होतो, असे गर्ट्रूड कळवळून सांगत राहिली. पण त्याचा काही उपयोग नव्हता. डोळ्यांत पाणी आणून ती परतली.

पुढच्याच वर्षी ती पुन्हा आली. या वेळी तिने नवा मार्गदर्शक निवडला. १९११ साली स्वतः खाडी पोहून गेलेले टॉमस बर्जेस यांच्याकडे तिने हे काम सोपवले. खारट पाण्याने डोळे चुरचुरू नयेत म्हणून तिने आपल्या चष्म्याच्या कडा मेणाने बुजवल्या आणि थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून अंगाला चरबीचे जाड थर चोपडले. यशस्वी झालीस तर तुला लाल रंगाची मोटार घेऊन देईन, असे वडिलांनी तिला कबूल केले होते. ६ ऑगस्ट १९२६ रोजी सकाळी सातच्या सुमारास तिने फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरून समुद्रात उडी घेतली.

दुपारनंतर हवा बिघडली. वारा सुटला, पाऊस कोसळू लागला, लाटा खवळल्या. सोबतच्या बोटीवर तिचे वडील व बहीण मार्गरेट होती. आता बाहेर ये, असे बोटीवरून तिला विनवण्यात आले. तेव्हा बाहेर कशासाठी यावयाचे, असा उलट प्रश्न करून ती पुढे सरकली. अंधार पडला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोकांनी शेकोट्या पेटवल्या. त्या उजेडाच्या रोखाने हात मारीत रात्री साडेनऊच्या सुमारास ती किंग्सडाउन येथे वाळूवर उभी राहिली. प्रवाहांनी तिला इतके भरकटवले होते, की ३४ ऐवजी सुमारे ५६ किलोमीटर अंतर तिला कापावे लागले होते. तरीही तिला लागलेला वेळ साडेचौदा तासांच्या आसपास होता. तिच्यापूर्वीच्या सर्वांत वेगवान पुरुषाहून सुमारे दोन तास कमी! किनाऱ्यावर तिच्या स्वागताला प्रथम पुढे झालेल्या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्याकडे पारपत्राची मागणी केली, अशी गमतीची हकिगत सांगतात. न्यूयॉर्कला परतल्यावर लाखो लोकांनी रस्त्यारस्त्यांतून तिचा जयजयकार केला.

कीर्तीचा हा भर ओसरण्यास वेळ लागला नाही. गावोगावी पोहण्याचे कार्यक्रम करण्याच्या दगदगीने तिची प्रकृती ढासळली आणि श्रवणशक्तीही अधिकाधिक क्षीण होत गेली. अशातच १९३३ साली तिच्यावर मोठा घाला आला. जिन्यावरून पाय घसरून ती पडली आणि तिच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. अद्याप तिने तिशीही गाठली नव्हती. पुन्हा पोहणे तर दूरच, ही चालूसुद्धा शकणार नाही, असे डॉक्टरांना वाटले. चार वर्षांहून अधिक काळ तिचे शरीर प्लॅस्टरमध्ये जखडलेले होते.

खाडी पोहताना साऱ्या जगाचे डोळे तिच्याकडे लागले होते. या लढ्यात मात्र ना बोट सोबत होती, ना किनाऱ्यावर शेकोट्या. येथे अंतर किलोमीटरांनी मोजावयाचे नव्हते. आज नुसते उठून बसणे, उद्या उभे राहणे, मग एक पाऊल टाकणे, असा तो संथ प्रवास होता. तो तिने नेटाने पुरा केला. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील जलक्रीडेच्या कार्यक्रमात हजारो प्रेक्षकांसमोर गर्ट्रूड पुन्हा पोहली.

पाठ सावरली, पण कान सावरले नाहीत. १९४० नंतरच्या काळात तिला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. याबद्दल ती कुढत बसली नाही. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन कर्णबधिर विद्यालयात ती मुलांना पोहावयास शिकवू लागली. बोलणे ऐकू न आल्यामुळे चारचौघांत बुजणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे तिला कोणी सांगावयास नको होते. त्या मुलांचा हात धरून ती त्यांना पाण्यात उतरवी.

३० नोव्हेंबर २००३ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी गर्ट्रूडने जगाचा निरोप घेतला. खाडी पार करण्याचा तिचा विक्रम १९५० साली दुसऱ्या एका स्त्रीने मोडला. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. परंतु ज्या पाण्यापासून दूर राहा असे तिला बालपणी सांगण्यात आले होते, त्याच पाण्यात तिने इतर मुलांचे भय घालवले. तिच्या या कामाचे मोल घड्याळाने मोजता येणार नाही.