आल्फ्रेड बिने : बुद्धी मोजणारा संशयात्मा

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात आल्फ्रेड बिने हे नाव दोन ओळींत आटोपते. बुद्धिमापन चाचणीचा जनक, साल १९०५. परीक्षेतील दोन गुणांपुरते एवढे पुरेसे असले, तरी या माणसाचे खरे मोठेपण त्या दोन ओळींत मावत नाही. इतरांची विचारशक्ती मोजायला निघण्यापूर्वी त्याला स्वतःचीच विचारपद्धती तपासावी लागली होती, आणि तीही चारचौघांत फजिती झाल्यानंतर!

बिनेचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी भूमध्य समुद्राकाठच्या नीस शहरी झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात, आई चित्रकार. १८७८ साली त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमेना. वैद्यकाचा अभ्यासही अर्ध्यावर सुटला. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्याने मानसशास्त्र आपले आपणच आत्मसात केले.

पुढे त्याला सालपेट्रिएर रुग्णालयात शार्को या नामवंत मज्जाविकारतज्ज्ञाच्या हाताखाली काम करण्याची संधी लाभली. संमोहित रुग्णाच्या अंगाजवळ लोहचुंबक फिरवला, की एका हाताचा लुळेपणा दुसऱ्या हातात जातो, असे बिने आणि त्याचा सहकारी फेरे यांनी मोठ्या उत्साहाने जाहीर केले. बेल्जियमचा देलब्यूफ प्रयोग पाहून गेला आणि त्याला वर्म उमगले. प्रयोगात काय घडणार याची चर्चा रुग्णासमोरच चालत असे! चमत्कार चुंबकाचा नसून सूचनेचा होता. बिनेने प्रथम हिरिरीने वाद घातला, पण शेवटी चूक कबूल केली. संशयात्म्याचा नाश होतो असे आपल्याकडे मानतात. बिनेला मात्र पुढे संशयानेच तारले.

त्यानंतर घर हीच त्याची प्रयोगशाळा झाली. मादलेन आणि आलीस या आपल्या दोन लहान मुलींचे तो बारकाईने निरीक्षण करू लागला. एक शांत व सावध, तर दुसरी चंचल व कल्पनेत रमणारी. दोन रेघांतील लांब कोणती हे ओळखण्यात त्या मोठ्या माणसांच्या फारशा मागे नव्हत्या. इंग्लंडात गॉल्टनने डोळ्यांची व कानांची तीक्ष्णता मोजून बुद्धी ठरवू पाहिली होती. बिनेला कळून चुकले, की बुद्धीचे खरे स्थान इंद्रियांत नसून निर्णयशक्तीत आहे.

१८९१ साली तो सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत बिनपगारी रुजू झाला आणि काही वर्षांतच तिचा संचालक बनला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या सूचनक्षमतेवरील ग्रंथात त्याने एक सुंदर प्रयोग नोंदविला आहे. मुलांना क्रमाने वाढत जाणाऱ्या रेघा दाखवायच्या आणि मग वाढ थांबवायची. बहुतेक मुले तरीही पुढची रेघ मोठीच काढीत. डोळ्यांपेक्षा सवयीवर त्यांचा विश्वास अधिक! शार्कोच्या दालनात बिनेचे स्वतःचे तरी दुसरे काय झाले होते?

१८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते. वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावीत, यासाठी १९०४ साली सरकारने समिती नेमली व बिनेला तीवर घेतले. शिक्षकाच्या मर्जीवर एखाद्या मुलाचे भवितव्य ठरावे, हे त्याला धोक्याचे वाटले. म्हणून थिओदोर सिमों या तरुण डॉक्टराच्या साहाय्याने त्याने १९०५ मध्ये सोप्यापासून कठीणाकडे जाणारी ३० कसोट्यांची मालिका रचली. १९०८ मध्ये त्या वयोमानानुसार मांडल्या. मोठ्या मुलांपुढे काही विसंगत विधाने ठेवीत. कोणी स्वतःच्या तीन भावांत स्वतःलाच मोजतो. जागीच ठार झालेला सायकलस्वार वाचेल की नाही, याची कोणाला चिंता पडते. यात गफलत कोठे आहे, हे मुलाने सांगायचे. पाठांतर तेथे उपयोगी नव्हते. स्वतः विचार करणे भागच होते.

मात्र या मोजमापाला बिनेने कधीही विधिलिखित मानले नाही. बुद्धी कायमची ठरलेली असते या मताचा १९०९ च्या ग्रंथात त्याने कडक निषेध केला. मागे पडलेल्या मुलांचे अवधान व इच्छाशक्ती वाढावी म्हणून त्याने खेळवजा व्यायाम सुचविले. १८ ऑक्टोबर १९११ रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी तो वारला.

नंतर व्हायचे तेच झाले. १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले आणि त्यातून बुद्ध्यंक जन्मला. अमेरिकेत गॉडर्डने याच कसोट्यांच्या आधारे बंदरावर उतरणाऱ्या गरीब परदेशीयांवर मतिमंदतेचा शिक्का मारला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी या चाचणीचे रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. परक्या मुलांची फूटपट्टी जशीच्या तशी येथे लावता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आज तर्कशुद्ध विचाराची चाचणी संगणकाच्या पडद्यावर काही मिनिटांत देता येते आणि आकडा लगेच हाती पडतो. गुणपत्रिकेवरून एकमेकांची किंमत करण्याची सवय आपल्यालाही आहेच. अशा वेळी बिनेचे स्मरण ठेवावे. मुलाला मदत कोठे हवी, एवढेच त्याला त्या आकड्यातून जाणून घ्यायचे होते. मुलाची लायकी ठरविण्याचा अधिकार त्याने आकड्याला दिला नव्हता.