कर्णबधिर मुलांचे कर्णबधिर गुरुजी : लॉराँ क्लेर



दरवर्षी २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन येतो. कर्णबधिरांचा विषय निघाला की परिपाठात आपण हेलन केलर यांची गोष्ट सांगतो. ती सांगावीच. पण अमेरिकेतली कर्णबधिरांची पहिली कायमस्वरूपी शाळा ज्यांच्यामुळे उभी राहिली आणि जे स्वतः ठार बहिरे होते, त्या लॉराँ क्लेर यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

क्लेर यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधल्या लियाँ शहराजवळच्या ला बाल्म या गावी झाला. वडील गावचे प्रतिष्ठित, नोटरी आणि नगरप्रमुख. लॉराँ साधारण वर्षाचा असताना खुर्चीवरून चुलीच्या विस्तवात पडला. उजवा गाल भाजला. ऐकू येणं आणि वास येणं त्यामुळेच गेलं, अशी घरच्यांची समजूत होती. सात वर्षांचा असताना आईने त्याला लियाँच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानात कसली कसली औषधं सोडली, उपयोग काहीच झाला नाही. मग पोरगा घरीच राहिला. आईची टर्की कोंबडी आणि गाई चरायला न्यायच्या, गावाजवळच्या गुहांमध्ये हिंडायचं, एवढंच त्याचं बालपण. शाळा नाही, अक्षर नाही.

बाराव्या वर्षी काकांनी त्याला पॅरिसच्या कर्णबधिर विद्यालयात घातलं. आबे द लेपे या धर्मगुरूंनी सुरू केलेली ही शाळा तेव्हा आबे सिकार चालवत होते. तिथे खुणांच्या भाषेतून शिकवत. क्लेरचे पहिले शिक्षक जाँ मास्यू हेसुद्धा कर्णबधिर. आपल्यासारखाच माणूस फळ्यासमोर उभा राहून शिकवतोय, हे त्या मुलाने पहिल्यांदा पाहिलं.

याच शाळेतली एक घटना मात्र शिक्षक म्हणून वाचताना चटका लावते. एक साहाय्यक शिक्षक क्लेरला तोंडाने बोलायला शिकवत होते. बाकीचं कसंबसं जमलं, पण ‘त’ आणि ‘द’ यांतला फरक काही केल्या जमेना. ज्याला दोन्ही ऐकूच येत नाहीत, त्याला तो जमणार तरी कसा! शिक्षकांचा संयम सुटला, त्यांनी हनुवटीखाली असा फटका मारला की पोराची जीभ दातांखाली सापडली. त्या दिवशी क्लेरने ठरवलं, पुन्हा बोलायला शिकायचं नाही. तो निश्चय त्याने जन्मभर पाळला. पुढे खुणांची भाषा, लिखित फ्रेंच आणि लिखित इंग्रजी यांवर त्यांनी जे प्रभुत्व मिळवलं ते पाहता, अडाणी तो मुलगा नव्हता, असं आपलं माझं मत.

विशीत आल्यावर ते त्याच शाळेत शिक्षक झाले. १८१५ मध्ये सिकार, मास्यू आणि क्लेर लंडनला प्रात्यक्षिकं दाखवायला गेले. श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे आणि या दोघा कर्णबधिरांनी लिहून उत्तरं द्यायची. तिथे त्यांना थॉमस गॅलॉडेट भेटले. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या डॉ. मेसन कॉग्सवेल यांची मुलगी ॲलिस लहानपणी तापाने बहिरी झाली होती. तिच्यासारख्या मुलांना कसं शिकवायचं, हे पाहायला गावकऱ्यांनी पैसे जमवून गॅलॉडेट यांना युरोपात धाडलं होतं. ब्रिटनमध्ये ही विद्या एका घराण्याच्या हाती होती आणि अटी इतक्या जाचक, की गॅलॉडेट यांचं जमलं नाही. सिकार यांनी मात्र त्यांना पॅरिसला बोलावून मोकळेपणाने शिकवलं.

काही आठवड्यांतच गॅलॉडेट यांच्या लक्षात आलं की हे आपल्याला एकट्याला झेपणारं नाही. त्यांनी क्लेर यांनाच बरोबर चलण्याची विनंती केली. सिकार यांना सोडवेना, आईने तर रडून विनवलं. तरीही तीन वर्षांचा करार करून क्लेर निघाले. १८ जून १८१६ ला जहाज सुटलं आणि ५२ दिवसांनी न्यूयॉर्कला लागलं. त्या प्रवासात क्लेर गॅलॉडेट यांना खुणा शिकवत आणि गॅलॉडेट क्लेर यांना इंग्रजी. क्लेर रोज इंग्रजीत डायरी लिहीत आणि गॅलॉडेट ती तपासून देत, अगदी आपण शुद्धलेखनाची वही तपासतो तशी.

हार्टफर्डला पोचताच क्लेर यांची पहिली विद्यार्थिनी भेटली, ॲलिस. मग गावोगाव फिरून निधी गोळा करणं आलं. क्लेर भाषण लिहीत आणि गॅलॉडेट ते वाचून दाखवत. लोकांच्या मनात तोवर बहिरा म्हणजे मंदबुद्धी असंच होतं. समोरचा माणूस अवघड प्रश्नांची उत्तरं सुंदर इंग्रजीत लिहितोय म्हटल्यावर खिसे सैल झाले. कनेक्टिकट राज्याने ५,००० डॉलर दिले. १५ एप्रिल १८१७ रोजी हॉटेलातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये ७ विद्यार्थ्यांची शाळा भरली. त्यांत ५१ वर्षांचे चित्रकार जॉन ब्रूस्टरही होते बरं का! १८१८ मध्ये क्लेर वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि राष्ट्राध्यक्ष मन्रो यांना भेटले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने शाळेला २३,००० एकर जमीन दिली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वसतिगृहात घडलं. मार्थाज व्हिन्यार्ड बेटावर बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, त्यामुळे तिथले ऐकणारे लोकसुद्धा खुणांनी बोलत. तिथली मुलं आपल्या खुणा घेऊन आली, हेनिकर गावची आपल्या, कुणी घरात बनवलेल्या. क्लेर यांची फ्रेंच खुणांची भाषा त्यात मिसळली. यातूनच आजची अमेरिकन सांकेतिक भाषा तयार झाली. ती कुणी कागदावर आखली नाही, मुलांनी एकमेकांशी बोलता बोलता घडवली.

३ मे १८१९ रोजी क्लेर यांनी आपली माजी विद्यार्थिनी एलायझा बोर्डमन हिच्याशी लग्न केलं. दोघंही कर्णबधिर, संसार मात्र छान झाला आणि मुलं ऐकणारी निघाली. तीन वर्षांसाठी आलेले क्लेर हार्टफर्डलाच राहिले. फ्रान्सला पुढे तीनदाच जाऊन आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक इतर राज्यांतल्या शाळांमध्ये गेले. फिलाडेल्फियाची शाळा अडचणीत आली तेव्हा ती सावरायला ते स्वतः काही महिने गेले.

१८५० साली माजी विद्यार्थी दूरदूरहून हार्टफर्डला जमले आणि गॅलॉडेट व क्लेर यांना चांदीची तबकं आणि सुरया भेट दिल्या. ही कल्पना हेनिकरच्या थॉमस ब्राउन यांची. त्या मेळाव्यातून भेटीगाठी वाढल्या आणि १८५४ मध्ये न्यू इंग्लंडच्या कर्णबधिरांनी स्वतःची संघटना काढली. क्लेर १८५८ मध्ये निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टनला कर्णबधिरांचं महाविद्यालय सुरू झालं. गॅलॉडेट यांचा मुलगा एडवर्ड त्याचा प्रमुख, आणि समारंभाला वृद्ध क्लेर हजर होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्डला त्यांचं निधन झालं.

पुढचं त्यांना पाहावं लागलं नाही, हे बरंच झालं. १८८० मध्ये मिलान इथे शिक्षकांची परिषद भरली. तिथल्या १६४ प्रतिनिधींपैकी कर्णबधिर एकच होता. शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त तोंडी बोलणं शिकवावं, असा ठराव झाला. अनेक देशांत कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांना हात बांधून बसवलं गेलं. त्याच दशकात मुंबईत बिशप म्यूरिन यांच्या पुढाकाराने आपल्याकडची शाळा सुरू झाली, तीही तोंडी पद्धतीनेच. भारतीय सांकेतिक भाषेला कायद्यात स्थान मिळायला २०१६ साल उजाडलं.

हार्टफर्डची शाळा आजही चालू आहे. आणि अमेरिकेतले कर्णबधिर क्लेर यांचं नाव आजही खुणेनेच घेतात. उजव्या गालावरून दोन बोटं फिरवायची, जिथे लहानपणी भाजल्याचा तो व्रण होता तिथे.