गोदावरी परुळेकर: टिटवाळ्याच्या परिषदेतून वारल्यांच्या डोंगरापर्यंत

आज टिटवाळा म्हटलं की महागणपतीचं मंदिर आठवतं. पण कल्याण तालुक्यातल्या याच गावात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र राज्य किसान सभेची स्थापना परिषद भरली होती. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे आले आणि त्यांनी वेठबिगारीची कहाणी सांगितली. परिषदेमागे होते शामराव आणि गोदावरी परुळेकर.

वकिलाची मुलगी

गोदावरींचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ ला पुण्यात, गोखले कुटुंबात झाला. कायद्याची पदवी घेऊन त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. १९३९ मध्ये त्यांनी शामरावांशी लग्न केलं. कल्याण-मुरबाड भागात दोघांनी शेतकऱ्यांची संघटना बांधली.

डोंगर नेमका कोणाचा?

वारल्यांची भातशेती राबावर चालायची. फांद्या, पाला, गवत, शेण शेतात पसरून जाळायचं आणि तिथे रोपं करायची. म्हणजे शेतीला जंगल लागायचंच. पण जमीन गेली सावकार-जमीनदारांकडे आणि जंगल सरकार व ठेकेदारांकडे. वारल्यांच्या वाट्याला उरली वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराचे 'लग्नगडी' व्हायचे.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, असं ठरलं आणि लग्नगडी सुटू लागले. मग गवत कापणीचा संप झाला. मागणी होती ५०० रतल गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढे जंगलातल्या लाकूडतोडीच्या मजुरीसाठीही लढा झाला. परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं.

या लढ्यावरच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

उरलेलं काम

१ एप्रिल १९५७ ला 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्याने लागू झालं. पण ते कुळांच्या जमिनीपुरतं. जंगलातले प्लॉट कसणारे त्याबाहेरच राहिले.

८ ऑक्टोबर १९९६ ला गोदावरींचं निधन झालं. त्यानंतर १० वर्षांनी वनहक्क कायदा आला. त्यात कसणाऱ्याला प्लॉटचा हक्क आहे आणि गावाला सामूहिक जंगलाचाही. कुठे चराई, कुठे गवत, कुठे झाडं राखायची, हे आता ग्रामसभेला ठरवता येतं. १९४५ मध्ये वारल्यांना हे विचारणारंच कोणी नव्हतं.