तापाच्या वनौषधींचा नोंदकर्ता

सागरगोटा, सातवीण, काडेचिराईत ही नावे अकोल्याच्या जुन्या शहरातील वडीलधाऱ्यांना परकी नाहीत. थंडी वाजून ताप भरला की घरोघरी कडू काढ्याची आठवण होई. अशा परंपरागत ज्ञानाला शास्त्रीय नोंदीची शिस्त लावणाऱ्यांत डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे नाव अग्रभागी आहे.

१८४९ मध्ये जन्मलेले कीर्तिकर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. पेशा वैद्यकाचा, पण ओढा वनस्पतींचा. मुंबईकडील विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. १९०९ मध्ये बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. त्यापुढील संमेलन १९१२ मध्ये अकोल्यास झाले.

त्या काळी हिवतापावर खात्रीचे औषध म्हणजे सिंकोनाच्या सालीतून मिळणारे क्विनीन. देशी पर्यायांचा शोध सुरू होता आणि १८६८ च्या सरकारी औषधसंहितेत सागरगोट्याला स्थानही मिळाले होते. अडचण होती ती ओळखीची. एका झाडाला प्रांतोप्रांती निराळी नावे आणि एकाच नावाने निरनिराळी झाडे. मुळात झाडच निश्चित नसेल, तर गुणांची परीक्षा करायची कशाची? मेजर बामनदास बसू यांच्या साहाय्याने कीर्तिकरांनी प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, देशी नावे, वर्णन आणि उपयोग एकत्र मांडले. जोडीला हजाराहून अधिक चित्रे दिली. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ १९१८ मध्ये अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

नोंद आणि सिद्धता यांत अंतर असते. सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांपासून केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने पुढे ‘आयुष-६४’ हे औषध तयार केले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील तुलनात्मक चाचणीत व्हायवॅक्स हिवतापाचे क्लोरोक्वीन घेतलेले सर्व रुग्ण बरे झाले, तर ‘आयुष-६४’ घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मेच. हिवतापात हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ताप आल्यास रक्ततपासणी आणि सिद्ध औषध यांना पर्याय नाही.

या निष्कर्षाने कीर्तिकरांचे मोठेपण उणावत नाही. परंपरेला कसोटीवर उभे करायचे, तर आधी ती अचूक लिहून ठेवावी लागते. ते कष्टाचे काम त्यांनी केले.