काउंट रम्फर्ड (बेंजामिन थॉम्प्सन)

सर बेंजामिन थॉम्प्सन, काउंट रम्फर्ड (२६ मार्च १७५३ – २१ ऑगस्ट १८१४) हे अमेरिकेत जन्मलेले आणि इंग्लंड, बव्हेरिया व फ्रान्स येथे वास्तव्य केलेले भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक व प्रशासक होते. उष्णता हा पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे, या मताला प्रयोगाचा आधार देणारे म्हणून भौतिकीच्या इतिहासात त्यांचे स्थान आहे. सर्वसामान्य कुटुंबांना मात्र त्यांचे नाव ठाऊक झाले ते धूर घरात न कोंडता धुराड्यावाटे बाहेर घालवणाऱ्या त्यांच्या फायरप्लेसमुळे.

पूर्वायुष्य

मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारल्यामुळे त्यांना सेलम येथील एका दुकानात उमेदवारी करावी लागली. पुढे न्यू हॅम्पशरमधील काँकर्ड येथे शिक्षक असताना, १७७२ मध्ये, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या सेरा रोल्फ या श्रीमंत विधवेशी त्यांचा विवाह झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी इंग्लंडच्या राजाची बाजू घेतली. एवढेच नव्हे, तर १७७५ मध्ये अदृश्य शाईने लिहिलेली माहिती त्यांनी ब्रिटिशांना पुरवली, हे जनरल गेज यांच्या कागदपत्रांवरून फार पुढे उघड झाले. पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते लंडनला गेले. पत्नीची पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या लोककल्याणाच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाजू दृष्टिआड करता येत नाही.

बव्हेरियातील कार्य

१७८४ च्या सुमारास ते बव्हेरियाचे इलेक्टर कार्ल थिओडोर यांच्या सेवेत रुजू झाले व अकरा वर्षे तेथे राहिले. त्यांनी सैन्याची पुनर्रचना केली आणि म्यूनिकमधील इंग्लिश गार्डन या विस्तीर्ण उद्यानाची आखणी केली. १ जानेवारी १७९० रोजी त्यांनी शहरातील भिकाऱ्यांची धरपकड करवून त्यांना उद्योगगृहात कामाला लावले. तेथे सैनिकांचे कपडे तयार होत. या लोकांसाठी बार्ली, वाटाणे व बटाटे यांचे स्वस्त सूप शिजवले जाई. शेकडो माणसांचे अन्न कमीत कमी लाकडांत शिजवायचे, तर जाळ उघडा ठेवून चालणार नव्हते. म्हणून त्यांनी बंदिस्त चुली बांधवल्या. इंधन व धूर यांच्या अभ्यासाला येथूनच गती मिळाली. पुढे त्यांना काउंट ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांनी काँकर्ड गावाचे जुने नाव ‘रम्फर्ड’ आपल्यासाठी निवडले.

धुराड्यांची सुधारणा

१७९५ मध्ये लंडनला परतल्यावर त्यांनी तेथील फायरप्लेसकडे लक्ष वळवले. त्या काळातील फायरप्लेस खोल व चौकोनी असून धुराड्याचा गळा अतिशय रुंद असे. त्यामुळे खोलीतील पुष्कळशी हवा आगीजवळून न जाताच वर ओढली जाई. ही थंड हवा मिसळून धूर थंडावे, त्याचा वेग मंदावे आणि वाऱ्याच्या झोताबरोबर तो खोलीत परत येई. घर गार ते गारच राही, शिवाय डोळे चुरचुरत.

रम्फर्ड यांचा उपाय थोड्या विटांचा व चुन्याचा होता. आगीमागची भिंत पुढे आणून त्यांनी धुराड्याचा गळा पुढून मागे सुमारे चार इंचच ठेवला व तो बरोबर जाळाच्या वर आणला. मागच्या भिंतीची रुंदी दर्शनी तोंडाच्या एक-तृतीयांश ठेवून बाजूच्या भिंती तिच्याशी १३५ अंशांचा कोन करतील अशा तिरक्या बांधल्या. उष्णता खोलीत परावर्तित व्हावी म्हणून या भिंतींना पांढरा चुना देण्यास त्यांनी सुचवले. लोखंडापेक्षा वीट व दगड यांना त्यांची पसंती होती. गळा अरुंद झाल्यावर काजळी काढणाऱ्याला वर जाता यावे, यासाठी काढता-घालता येणारा दगड बसवण्याचीही त्यांनी सोय ठेवली. काजळीने भरलेले धुराडे पेट घेते, हे लंडनकरांना चांगलेच ठाऊक होते.

१७९६ मध्ये या विषयावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जुनी फायरप्लेस रम्फर्ड पद्धतीची करून घेण्याची लाटच आली. जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्दॅंगर ॲबी’ या कादंबरीतही तिचा उल्लेख येतो. याच प्रश्नावर बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मध्ये लिहिले होते. नवी घट्ट बांधणीची घरे बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत, म्हणून धूर वर चढत नाही, या कारणाकडे त्यांनी लक्ष वेधले होते. दोघांचे म्हणणे एकत्र वाचले पाहिजे. गळा योग्य मापाचा असला, तरी जितकी हवा धुराड्यातून जाते तितकी खोलीत आली नाही, तर ओढ टिकत नाही.

तेलावर चालणाऱ्या आजच्या घरगुती भट्टीलाही हाच नियम लागू आहे. तळघर हवाबंद केले किंवा धुराडे काजळीने तुंबले, तर ज्वलनाचे वायू उलटे घरात शिरतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग वा वास नसल्याने धोका कळतही नाही. अशा भट्टीच्या नळीवर बसवलेली झुलती झडप गरजेनुसार खोलीतील हवा आत घेऊन ओढ स्थिर ठेवते. रम्फर्ड यांच्या फायरप्लेसमध्ये ओढीचे नियमन मुख्यतः बांधकामाच्या मापांवर सोपवलेले होते.

उष्णतेविषयीचे संशोधन व उत्तरायुष्य

म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या नळीला भोक पाडताना निर्माण होणारी उष्णता त्यांनी मोजली. बोथट हत्याराने घर्षण होत राहिल्यावर भोवतालचे पाणी अडीच तासांनी उकळू लागले. १७९८ मध्ये हा प्रयोग त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली. तेथे हंफ्री डेव्ही यांची नेमणूक करण्यात त्यांचा वाटा होता. रॉयल सोसायटीला त्यांनी देणगी देऊन सुरू केलेले रम्फर्ड पदक प्रथम त्यांनाच मिळाले, ही गोष्ट मात्र अनेकांना गमतीची वाटते.

त्यांनी दुसरा विवाह रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझिए यांच्या विधवेशी, मारी-ॲन यांच्याशी केला. तो सुखाचा ठरला नाही. पत्नीच्या पाहुण्यांना त्यांनी फाटक बंद करवले, तेव्हा तिने त्यांच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे त्यांनीच मुलीला कळवले होते. १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले. पॅरिसजवळील ओतय येथे रम्फर्ड यांचे निधन झाले व तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. पहिल्या विवाहातील मुलगी सेरा काउंटेस ऑफ रम्फर्ड या नावाने ओळखली गेली. १८५२ मध्ये काँकर्ड येथे तिचा मृत्यू झाला.